माउंटखाली दाबलेली सही

"ही पट्टी मी लावणार नाही," मी सांगून टाकलं.

पट्टी म्हणजे चित्राखालचं कॅप्शन. नवा रायपुरातल्या एका हॉलमध्ये युरोपातल्या जुन्या पोर्ट्रेट्सच्या प्रिंट्स लावायचं काम आमच्या एजन्सीकडे होतं. कॅप्शन्स हिंदीत, तपासणार मी. उद्घाटन चारला. वाजला होता एक.

भिंतीवरचे पुरुष 'सेनापति', 'व्यापारी', 'वैज्ञानिक'. हातात तलवार, नकाशा, पुस्तक. बायकांच्या हातात पंखा, फूल, नाहीतर कुत्र्याचं पिल्लू. आणि नाव? 'व्यापारी की पत्नी'. तेही नसेल तर 'सुंदरी'. मी रायपूरजवळच्या बीरगावच्या कामगार बायकांसाठी पत्रकं लिहीत शिकलेली. डोकं तडकलं.

एकीच्या हातात तर ब्रश आणि पॅलेट. खाली काय? 'रंगों से खेलती सुंदरी'!

"सर, ही खेळत नाही, काम करून राहिली. हे सेल्फ पोर्ट्रेट आहे." म्हणजे आरशात पाहून स्वतःच काढलेलं स्वतःचं चित्र.

आमचे बॉस बोरकर सर हसले. "मॉडेल असन ते. हातात ब्रश देला, बसवलं. तुले सारंच काहून खुपते व, पोट्टे?"

"मग चित्रकार कोण?"

"यादीत 'अज्ञात' आहे. सही नाही. पुरावा दाखव, पट्टी बदलतो. नाही तर हेच लाव, किंवा उद्यापासून येऊ नको."

सही दिसत नव्हती, खरंच. पण चित्राची खालची कड माउंटखाली गेली होती. माउंट म्हणजे काचेआडची पुठ्ठ्याची चौकट.

"साहू भैया, फ्रेम खोलो."

"अभी? मेहमान आ रहे हैं, दीदी!"

"इसीलिए."

फ्रेमवाले साहू भैया छत्तीसगढीत पुटपुटले, "हव, खोलत हंव," आणि खिळे उपसले. माउंट उचलला. खाली बाईचं नाव आणि एक फ्रेंच ओळ. मोबाइलवर अर्थ पाहिला: तिनं स्वतः रंगवलेलं.

साहू भैयांनी कपाळावर हात मारला. "मैंने दाग समझ के दबा दिया, दीदी!"

बोरकर सर ती ओळ दोनदा वाचून म्हणाले, "लिही. लवकर."

साडेतीनला तिच्याखाली तिचं नाव लागलं, पुढे 'चित्रकार'. 'सुंदरी' लिहिलेल्या पट्ट्या मी सगळ्याच काढल्या. नाव सापडलं तिथं नाव, नाही तिथं 'नाम दर्ज नहीं किया गया'.

प्रमुख पाहुण्या अशाच एका पट्टीपाशी थांबल्या. "किसने दर्ज नहीं किया?"

बोरकर सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "इनसे पूछिए."

बायकांची नावं कशी गाळली गेली, ते मी वीस मिनिटं सांगितलं. चहा गार झाला, कोणी हललं नाही.

कोणाला 'अज्ञात' म्हणायच्या आधी पुठ्ठा उचलून पाहावा. चार खिळ्यांचं काम असतं.