मामा विचारणाऱ्या सिस्टर

आमच्या वॉर्डात तापाचा रुग्ण आला की सिस्टर त्याचं नाव नंतर विचारीत, मामा आधी. "मामा किती गा तुले? सगळे जित्ते हायेत? कोणाले औषध बाधलं होतं?" रुग्ण थंडीनं कुडकुडत असायचा. त्यानं चुकून काकाचं नाव घेतलं की त्या हात झटकीत. "बापाकडचं नको सांगू. आईचे भाऊ सांग." नागपुरातल्या त्या इस्पितळात सगळे त्यांना मामावाल्या सिस्टर म्हणत. मीही म्हणे, अर्थात पाठीमागे. तेव्हा मी नुकताच डॉक्टर झालो होतो.

त्यांची दुसरी सवय मला बघवत नसे. रुग्णाची लघवीची बाटली, कोमट असतानाच, खिडकीशी नेऊन उन्हात धरायच्या आणि डोळे बारीक करून निरखायच्या. मी नाकाला रुमाल लावी. "नाक काय झाकून राहिले डॉक्टर? तुमच्या रक्ताच्या तपासणीले दोन दिवस लागतात. हे आत्ता दिसते," असं म्हणून त्या हसायच्या. हसणं मोकळं होतं, त्यात टोमणा नव्हता. हे मला आज कळतं.

वीस वर्षं बाटल्या बघून आणि मामा विचारून त्यांनी एक गोष्ट गाठीला बांधली होती. हिवताप उलटू नये म्हणून ताप उतरल्यावर जी गोळी देतात, ती काही घरांतल्या पुरुषांना सोसत नाही. अंगातलं रक्त फुटतं, लघवी काळी होते. आईला काही होत नाही, पण तिच्या भावाला होतं आणि मुलालाही होतं. मला याचं इंग्रजी नाव पाठ होतं. रक्तपेशीत काय कमी असतं, आईकडून मुलात कसं उतरतं, हे मी तोंडी परीक्षेत घडाघडा म्हणून शाबासकी मिळवली होती. पुस्तकातलं ते आणि सिस्टरांचं हे एकच, असं माझ्या लक्षात आलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. लक्षात आलं होतं. एका नर्सकडून ऐकून घ्यायचं नव्हतं, एवढंच.

कुहीकडचा देवाजी आला तो एकोणीसशे सत्तरच्या सुमारास. धानाच्या बांधीत राबणारा दणकट गडी. सोबत आई होती. सिस्टरांनी मामा विचारताच म्हातारी म्हणाली, "माहा भाऊ गेला ना बाई, मलेरियाची गोळी खाऊन. काळं मुतत होता." सिस्टरांनी ते पेन्सिलीनं केसपेपरच्या डोक्यावर लिहिलं. खाली मी तीच गोळी लिहिली.

"डॉक्टर, याले हे नका देऊ जी. याचा मामा पहा."

"काय सिस्टर, सोयरीक जुळवून राहिल्या का?" मी म्हणालो. भोवतीचे विद्यार्थी हसले. त्या हसण्यानं मला केवढं बरं वाटलं होतं!

तिसऱ्या सकाळी त्यांनी बाटली माझ्यासमोर धरली. आत कोऱ्या चहासारखं काळं. देवाजीचे डोळे पिवळे पडले होते. "आता तरी बंद करा." पण घटकाभरात मोठे डॉक्टर राउंडला येणार होते आणि माझंच लिहिलेलं मी खोडलं हे त्यांना दिसलं असतं. "चालू द्या," मी म्हणालो. सिस्टरांनी गोळी द्यायला साफ नकार दिला. मग मीच दिली. त्याची मान उचलून, पाण्याचा पेला ओठाला लावून. "उपकार झाले जी," असं तो म्हणाला.

त्याची मूत्रपिंडं बंद पडली. आठवड्याच्या आत तो गेला. "रेकॉर्ड साफ ठेव," मोठे डॉक्टर मला म्हणाले. मी रबर घेतलं, पेन्सिलीची ओळ खोडली आणि चुरा फुंकून टाकला. सिस्टरांनी एका वेळी जास्त गोळ्या दिल्या असाव्यात, अशा मजकुराच्या कागदावर मी सही केली. म्हातारीलाही तेच सांगितलं गेलं. सिस्टरांची बदली कुठल्याशा आडगावच्या दवाखान्यात झाली.

जायच्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. "माह्यावर टाकलं ते टाकलं. देवाजीच्या बहिणीले दोन पोरं हायेत. त्यांच्यासाठी एक चिठ्ठी द्या, हे गोळी देऊ नये म्हणून. नर्सचं कोण ऐकते?"

"बघू," मी म्हणालो. ती चिठ्ठी दिली असती तर मला सगळं माहीत होतं हे उघड झालं असतं. मी दिली नाही.

पुढे रामदासपेठेत माझा दवाखाना चांगला चालला. सिस्टर निवृत्त होऊन प्रतापनगरला भाचीकडे राहतात, हे ठाऊक होतं. गेलो नाही. त्या वारल्याचं कळलं, तेव्हाही गेलो नाही.

गेल्या वर्षी कुहीहून एक चाळिशीतला शेतकरी आला. हिवताप होऊन गेला होता. त्यानं घड्यांवर फाटलेला एक कागद पुढे केला. अक्षर मी ओळखलं. "गावातला डॉक्टर म्हणते, नर्सचा कागद चालत नाही, मोठ्या डॉक्टरचा आण."

"हा कुठून आला तुमच्याकडे?"

"ते बाई घरी आली होती, माहा मामा मेल्यावर. आजीनं शेणपाणी फेकलं तिच्यावर. तरी तशीच उभी राहिली वल्ल्या लुगड्यानं. माह्या मायले म्हणे, मले शिव्या दे वं, पण हा कागद ठेव. पोरांले हे गोळी देऊ नको."

मी नवा कागद घेतला. गोळीचं नाव लिहिलं, ती का देऊ नये ते लिहिलं. खाली लिहिलं की याच्या मामाला ही गोळी सिस्टर अडवीत असताना मी माझ्या हातानं दिली, त्यांची काहीही चूक नव्हती. सही केली.

त्यानं बोट ठेवून सावकाश वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आजी मरेपर्यंत तिलेच शिव्या देत होती जी. आम्ही बी."