गवा विहिरीत पडला तो दिवस

माझं सगळं शिक्षण गायी-म्हशींवर झालेलं. मुरगूडला आमच्या दारात दोन म्हशी होत्या. त्यांच्या शेणामुतात वाढलो आणि पुढं जनावरांचा डॉक्टर झालो. दोन हजार सालानंतरच्या त्या कोरड्या वर्षांत माझी बदली शाहूवाडी तालुक्यातल्या एका डोंगराकडच्या गावात झाली. दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि दारात जनावर अडकवायचा लोखंडी खोडा. अडलेली म्हैस सोडवायची, लाळ्या-खुरकतीची लस टोचायची, एवढंच काम. रान दवाखान्याच्या मागंच सुरू व्हायचं, पण रानातल्या जनावराशी माझी कधी गाठ पडली नव्हती.

एप्रिलमधल्या एका सकाळी एक शेतकरी मोटारसायकल दारात टाकून धापा टाकत आत आला.

"डॉक्टर, चला बिगीबिगी. हिरीत गवा पडलाय."

"गवा कशाला येतोय? कुणाचा तरी रेडा असंल."

"रेड्याच्या पायात पांढरं मोजं असत्यात व्हय?"

मी बॅग उचलली आणि त्याच्या मागं बसलो.

विहीर डोंगराच्या पायथ्याला होती. कठडा नव्हता. वरच्या अंगाला खोल, पण खालच्या अंगाला शेताची पायरी उतरलेली, त्यामुळं तिथून तळ जेमतेम दीड पुरुष खाली. गर्दी बाजूला सारून मी काठावर पालथा झोपलो आणि आत डोकावलो.

गुडघाभर पाण्यात ती उभी होती. मादी होती ती. आयुष्यात हजारभर म्हशींच्या पाठीवरनं हात फिरवला असेल मी, पण असली पाठ पाहिली नव्हती. मानेपासून मध्यापर्यंत उंच कणा, त्यावर तेल चोपडल्यासारखी काळी-तपकिरी कातडी, आणि कातडीखाली दर श्वासाला हलणारा मांसाचा डोंगर. शिंगं पिवळसर, टोकाला काळी. तिनं श्वास सोडला की विहिरीच्या भिंतींतून तो घुमत वर यायचा आणि माझ्या तोंडावर गरम लागायचा. तिनं मान वर केली आणि आमची नजरानजर झाली. त्या नजरेत राग नव्हता, विनवणीही नव्हती. ती फक्त मला बघत होती. मला माझ्या बॅगेची लाजच वाटली. त्यातलं काहीसुद्धा तिच्या कामाचं नव्हतं.

जंगलखात्याचा गार्ड आधीच पोचला होता. निवृत्तीला आलेला, पायात झिजलेले बूट. तो म्हणाला, "वरच्या रानात पाणी संपलं. वास काढत खाली आली असंल. डॉक्टर, सुई मारून झोपवता येईल काय?"

"तसलं औषध माझ्याकडं नाही. आणि असतं तरी मारलं नसतं. मान पाण्यात गेली तर बुडून मरंल."

"क्रेन यायची न्हाय. बैलगाडीचीच वाट हाय."

तोवर काठावर शंभरेक माणूस जमलं होतं. आमच्याकडं माणूस गुपित सांगायला लागला तरी पुढच्या गल्लीत ऐकू जातं, तर इथं काय विचारता! शिट्ट्या, आरोळ्या, कुणी तरी ढेकळं मारतंय. दर आवाजाला तिच्या अंगावरनं थरथर जात होती. मी उठलो आणि जीव खाऊन ओरडलो, "मुकाट बसा! पडून नाही मेली, पण भिऊन मरंल!"

गर्दी हळूहळू मागं हटली.

मार्ग एकच होता. खालच्या अंगाची भिंत फोडायची आणि तिला चढता येईल असा उतार काढायचा. पण त्यात विहीर जाणार होती. सगळ्यांच्या नजरा विहिरीच्या मालकाकडं वळल्या. तो डोक्याचा टॉवेल काढून म्हणाला, "ह्या पाण्यावर मिरची उभी हाय आमची. अजून दीड महिना काढायचाय."

त्याची बायको शेजारीच उभी होती. पन्नाशीची, काटक. ती मला म्हणाली, "ह्या हिरीची माती चार उन्हाळं मी डोक्यावरनं वाहिलीया, डॉक्टर."

"व्हय मावशी," मी म्हणालो.

तिनं खाली वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "वासरू हाय तिला?"

"कास भरलीय. असणार."

"मग बघत काय बसलाय? फोडा की!"

नवऱ्यानं टॉवेल परत डोक्याला गुंडाळला आणि पहिली कुदळ त्यानंच मारली.

नऊ वाजता सुरू झालेलं काम चारपर्यंत चाललं. पाळीपाळीनं माणसं उतरत होती. टिकाव, फावडी, पाट्या. जांभ्या दगडावर घाव बसला की ठिणगी उडायची. बोलणं बंद. ज्यांना हळू बोलणं ठाऊक नव्हतं ती माणसं खुणांनी पाणी मागत होती. बायकांनी भाकरी आणून दिल्या, त्याही कुणी उभ्यानंच खाल्ल्या. मावशीनं उसाचं वाडं वरनं अलगद सोडलं, पण खालच्या जनावरानं त्याला तोंड लावलं नाही. माणसं खाली असताना ती बाहेर येऊ नये म्हणून गार्डनं शेवटची वीतभर भिंत तशीच ठेवली. उतारावर पाय घसरू नयेत म्हणून भाताचं पिंजर पसरलं. मग लांब बांबूनं ढोसून ती भिंत आत ढकलली, आणि सगळे पळत वरच्या बांधावर गेले. गार्ड आणि मी फणसाच्या झाडावर.

ती हललीच नाही. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. मला वाटलं, पायच मोडला असेल. एवढ्या माणसांचे कष्ट वाया गेले.

मग तिनं एक पाय पिंजरावर ठेवला. वास घेतला. आणि पुढचं सगळं इतक्या चटकन झालं की मला तिची चढण आठवतच नाही. आठवतं ते एवढंच, की जमीन हलली. फणसाच्या फांदीतून तो हादरा माझ्या अंगात आला. ती वर उघड्यावर उभी राहिली तेव्हा तिच्यापुढं मालकाची बैलगाडी खेळण्यासारखी दिसत होती. अंगावरनं चिखल निथळत होता. तिला आमच्याकडं धावून यायला वीस पावलं पुरली असती. पण तिनं एकदा नाक फुरफुरलं, वळली आणि उभ्या मिरचीतून डोंगराकडं चालत गेली. पळाली नाही, चालत गेली.

गार्डनं माझं मनगट धरलं. "तिकडं बघा, करवंदीच्या मागं."

आधी मला काहीच दिसलं नाही. मग झुडपांतल्या सावल्या हलल्या आणि एकेक कपाळ बाहेर आलं. सात-आठ गवे होते. दिवसभर शंभर माणसांच्या समोर, हाकेच्या अंतरावर, ते तिथं थांबले होते आणि आम्हाला पत्ता नव्हता. त्यांच्यातून एक तांबूस वासरू धडपडत पुढं आलं आणि तिच्या पोटाखाली शिरलं. बांधावर कुणी टाळी वाजवली नाही. एका म्हाताऱ्यानं फक्त हात जोडले.

मिरची वाचली. शेजाऱ्यांनी आपल्या पाण्याच्या पाळीतलं पाणी आळीपाळीनं तिकडं फिरवलं. विहीर मात्र त्या पावसाळ्यात ढासळली. पुढच्या वर्षी गावानंच ती परत बांधली, कठड्यासकट, आणि बाकीच्या उघड्या विहिरींनाही कठडे घातले.

गवा निघून गेल्यावर आठवड्याभरातच गार्ड मला वर रानातल्या झऱ्यावर घेऊन गेला. "पूर्वी मे महिन्यात बी हितनं जाताना पाय भिजायचं," तो म्हणाला. "आता होळीलाच दगडं वर येत्यात. पाऊस पडायला लागला की चार दिसांत सगळा पडून जातोय, मुरतोय कुठं?" गावातली वीस-पंचवीस माणसं घेऊन आम्ही झऱ्याचं तोंड मोकळं केलं आणि खाली दगड-मातीचा बांध घालून डबकं केलं.

त्याच मे महिन्यात आम्ही दोघं परत गेलो. डबक्यात वीतभर पाणी होतं. काठच्या चिखलात ठशांमुळं पाय ठेवायला जागा नव्हती. गार्ड काठीच्या टोकानं दाखवत गेला: हा सांबर, हे साळिंदर, हे रानकोंबड्याचं, हे उदमांजराचं. मधोमध गव्याचे खूर, माझा पंजा आरामात मावेल एवढे, आणि त्यांच्यात साठलेल्या पाण्यावर बसलेली शेकडो पिवळी फुलपाखरं. मी उकिडवा बसून राहिलो. अर्ध्या तासानं गार्ड हळूच म्हणाला, "चला डॉक्टर, आपण हाय तोवर कोण यायचं न्हाय." मग आम्ही उठलो आणि पाय न वाजवता खाली उतरलो.