तळ्यावरचं गाव

वन्संना मी शेवटचं पाहिलं तेव्हा त्या पलंगावरून खाली उतरायच्या खटपटीत होत्या. दुपारची वेळ होती. हॉस्पिटलच्या खिडकीबाहेर कॅल्गरीचं ते फिकट, ऊब नसलेलं ऊन पडलं होतं, आणि खाली पार्किंग लॉटच्या कडेला फावड्याने ओढून लावलेले बर्फाचे मळके ढीग. स्ट्रोकनंतर वन्संचं इंग्रजी पुसून टाकल्यासारखं नाहीसं झालं होतं. ज्या भाषेत अख्खी कारकीर्द केली ती गेली आणि लहानपणची नागपूरची बोली तेवढी उरली. नर्स आली की त्या तिला विचारायच्या, "काय करून राहिली तू?" आणि ती बिचारी माझ्याकडे बघायची. त्या दिवशी मी सर्दीने बेजार होते, तोंडाला मास्क होता, घसा पार बसला होता. मी खिडकीशी उभी असताना मागे काहीतरी खडखडलं. वळून पाहिलं तर वन्संनी एक पाय खाली टाकला होता आणि सलाईनची नळी ताणली गेली होती.

"थांबा... वन्सं, थांबा!" मी ओरडले. ओरडले म्हणजे काय, घोगरा, फाटका असा कसलातरी आवाज माझ्या घशातून निघाला. वन्सं जागच्या जागी थिजल्या. मग हळूच मान वळवून माझ्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत भीती नव्हती. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी ओळखीचं भेटावं तसं त्या बघत होत्या.

"हाच," त्या म्हणाल्या. "हाच होता तो आवाज."

"कुठला आवाज, वन्सं?"

"तळ्यावरचा. विसरली तू?"

आणि आपण होऊन पाय वर घेऊन निजल्या. त्यानंतर त्या माझ्याशी काही बोलल्या नाहीत. दोनच दिवसांनी सकाळी त्यांच्या मुलीचा, मीनलचा फोन आला. ती ओटावाहून येऊन आईपाशी थांबली होती. मी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होते, एक हातमोजा दातात धरून फोन घेतला. "मामी, शी इज गॉन," ती म्हणाली. फावडं हातातच राहिलं. त्याला आता काही आठवडे झाले, पण वन्संबद्दल काही आठवायला बसलं की मनात आधी येतं ते हॉस्पिटलमधलं बघणंच. आणि ते कुणाला कळायचं तर तळ्याची गोष्ट सांगायला हवी, जी आम्ही दोघींनी कधीच कुणाला सांगितली नव्हती.

वन्सं म्हणजे डॉक्टर कुमुद, माझ्या नवऱ्याची, अविनाशची थोरली बहीण. नागपूरला शिकल्या, लग्न करून भावजींबरोबर सत्तरच्या दशकात इथे आल्या, भूलतज्ज्ञ झाल्या. मी पुण्याहून लग्न होऊन आले तेव्हा एअरपोर्टवर मला न्यायला त्याच आल्या होत्या, कारण अविनाशला बर्फात गाडी चालवायची धास्ती. त्या मला म्हणाल्या, "शुभा, इथे दोन गोष्टी शीक. ड्रायव्हिंग आणि गप्प बसणं." दुसरी त्यांना चांगली येत होती. ऑपरेशन थिएटरमध्ये तासन् तास निजलेल्या माणसाच्या उशाशी बसून त्याचा श्वास ऐकायचा, हेच त्यांचं काम. घरीसुद्धा त्या अशाच ऐकत असायच्या. घर तापवणारा फर्नेस सुरू व्हायच्या आधीचा बारीकसा टक्... बेसमेंटमधल्या पंपाची घरघर... आम्हाला काही ऐकू येण्याआधी त्या मान वर करायच्या.

रिटायर झाल्या झाल्या त्यांनी मोटरहोम घेतलं. पांढरं, लांबलचक, आत मागच्या बाजूला पलंग, मध्ये शेगडी, टेबल, कपाटाएवढं वॉशरूम. भावजींना ते मुळीच आवडलं नाही. "घर सोडून दुसऱ्या घरात राहायला कशाला जायचं?" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत. ते त्यात एकदाही झोपले नाहीत. महाराष्ट्र मंडळात सगळे त्याला कुमुदताईंची बस म्हणायचे. भावजी गेले तेव्हा आम्हाला वाटलं, आता बस विकतील. त्यांनी बसला विंटर टायर बसवून घेतले.

इथले शहाणे लोक पानगळ झाली की मोटरहोमच्या पाइपांतलं पाणी काढून टाकतात, आत अँटिफ्रीझ ओततात आणि वर ताडपत्री घालून एप्रिलपर्यंत तिकडे बघत नाहीत. वन्सं नेमक्या फेब्रुवारीत निघायच्या. नळाला पाणी नाही, म्हणून कॅन भरून घ्यायच्या, पलंगावर दोन रजया, चाकं घसरली तर खाली टाकायला किटी लिटरची, म्हणजे मांजरांच्या वाळूची पोती, आणि डब्यात मेतकूट. एकट्याच जायच्या. मी एकदा विचारलं, हिवाळ्यातच का? म्हणाल्या, "उन्हाळ्यात जमीन फार बडबड करते. आत्ता भूल दिल्यासारखी असते. मला अशांच्या उशाशी बसायची सवय आहे."

त्या वर्षी अविनाशला काही चैन पडेना. बहीण सत्तरीला आलेली. "तू जा तिच्याबरोबर," तो मला म्हणाला. "माझं नाही ऐकत, तुझं ऐकते." मी पोळ्या, थर्मास, स्वेटर अशी तयारी करून निघाले. एडमंटन मागे पडलं, आणखी उत्तरेला गेलो. पहिले दोन दिवस स्वच्छ ऊन होतं, रस्ता कोरडा, दोन्ही बाजूंना बर्फाने भरलेली शेतं. वन्सं फारसं बोलत नव्हत्या, मी खिडकीतून बघत होते. मला ते सगळं आवडायला लागलं होतं हे कबूल करायला हवं. तिसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर वारा सुटला. आधी बर्फाचे बारीक साप रस्त्यावरून सरपटत जावेत तसं काहीतरी दिसायला लागलं. मग ते गुडघाभर वर आले, मग काचेपर्यंत, आणि बघता बघता समोरचं सगळं गेलं. आकाश नाही, जमीन नाही, बॉनेटसुद्धा नीट दिसेना. व्हाइटआउट ऐकून माहीत होता, आत बसून बघितला नव्हता.

"पुढे कॅम्पग्राउंड आहे, तिथे थांबू," वन्सं म्हणाल्या. जीपीएसच्या स्क्रीनवर एक फाटा दिसत होता. गोगलगाईच्या वेगाने तो शोधून आम्ही वळलो. फाट्यावरचा बर्फ प्लाऊने काढलेला होता, दोन्ही कडांना ढिगारे, त्यांच्या मधून आम्ही चाललो. थोडा उतार लागला. आणि मग रस्ता इतका सपाट झाला की मला हायसं वाटलं. एक खड्डा नाही, एक धक्का नाही. स्क्रीनवरचा बाण निळ्या रंगात सरकलेला मी पाहिला होता, पण मशीन चुकतं कधीकधी, असं वाटून मी काही बोलले नाही.

मग घरं दिसायला लागली. वारा जरा विरळ झाला की दोनचार दिसायची, पुन्हा झाकली जायची. बुटकी, लाकडी, एकेका खोलीची. एक लाल रंगाचं, एकाच्या खिडकीला फुलाफुलांचा पडदा, एकाच्या दाराबाहेर खुर्ची मांडलेली. प्रत्येकावर धुराडं. "गाव आलं वाटतं," मी म्हणाले. मी माणूस शोधत होते. एकाही धुराड्यातून धूर येत नव्हता. कुठे दिवा नाही, कुंपण नाही, उभी केलेली गाडी नाही. एवढ्या गावात एक झाड नव्हतं. एका घराचं दार उघडं होतं आणि वाऱ्याने आपटत होतं, पण आपटल्याचा आवाज आमच्यापर्यंत पोचत नव्हता. घरं संपत आली. पुढे पुन्हा नुसतं पांढरं.

वन्संनी अचानक ब्रेक लावला. गाडी थोडी तिरकी सरकली आणि थांबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"मला काय विचारता? तुम्हीच थांबलात."

"तू थांबा म्हणालीस ना. दोनदा म्हणालीस."

"मी काहीच बोलले नाही, वन्सं."

त्या क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी इंजिन बंद केलं, शेजारची काच खाली केली आणि बाहेर कान दिला, अगदी थिएटरमध्ये देत असतील तसा. मीही ऐकलं. आमच्या खालून एक लांबलचक हुंकार आला. खूप दूर डावीकडे सुरू झाला, आमच्या पायाखालून गेला आणि उजवीकडे कुठेतरी विरला. जनावराचा म्हणावा तर एवढं मोठं जनावर असत नाही.

"कोट घाल," वन्सं हलक्या आवाजात म्हणाल्या. "पट्टा काढ, दार उघड, आणि खाली उतर. पळू नको."

"आपण कुठे आहोत?"

"तळ्यावर आहोत. ती घरं मासे धरणाऱ्यांची आहेत."

हिवाळ्यात इथली तळी गोठली की लोक बर्फावर अशा खोपट्या आणून ठेवतात, आत बसून बर्फाला भोक पाडून गळ टाकतात. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि कित्येक टनांचं घर घेऊन त्यांच्या मधोमध उभं असणं वेगळं. वळायला जागा नव्हती, आणि वन्संना वळायचंही नव्हतं. आलो त्याच खुणांवरून मागे जायचं, असं त्या म्हणाल्या. मागचा कॅमेरा बर्फाने बुजला होता. मी आरशात दिसेन अशी डाव्या बाजूने मागे मागे चालायचं, आणि दिसेनाशी झाले तर ओरडत राहायचं. "तुम्ही पण उतरा, गाडी जाऊ दे," मी म्हणाले. तर म्हणाल्या, "ह्या वाऱ्यात पायी गेलो तर किनारा सापडणार नाही. गाडीत ऊब आहे." बर्फ फुटलाच तर उडी मारता यावी म्हणून त्यांनी आपलं दार दोरीने उघडं बांधलं आणि रिव्हर्स टाकला.

मी आयुष्यात तेवढं एकटं कधी चालले नाही. गाडी हातभर अंतरावर असायची आणि पुढच्या क्षणी नसायचीच, नुसता इंजिनाचा आवाज. तोंडाने काय ओरडावं हे सुचेना, तेव्हा आपल्याकडे ट्रकचा क्लीनर ओरडतो तेच आलं... "येऊ द्या! येऊ द्या!" अल्बर्टाच्या एका गोठलेल्या तळ्यावर मी घसा फोडून "येऊ द्या" म्हणत होते, आणि त्या पांढऱ्यातून एक भलंमोठं घर माझ्या शब्दावर उलटं येत होतं. बाजूने एकेक खोपटी सरकत गेली. उघड्या दाराची आली तेव्हा मी आत बघितलं. एक स्टूल होतं, आणि जमिनीत काळं गोल भोक. खाली पाहिलं तर आमच्या चाकांच्या खुणाही काळ्या दिसत होत्या. त्यांत पाणी चढत होतं. ते मी वन्संना सांगितलं नाही, मी "येऊ द्या" म्हणत राहिले.

पायाला चढ लागला तेव्हा मला रडू फुटलं. मागची चाकं एकदा जागेवरच फिरली, मी पोतं फोडून किटी लिटर टाकलं, मग खडी लागली, आणि गाडी झाडांपाशी येऊन उभी राहिली. वन्सं उतरल्या त्या थेट शेगडीकडे. चहा केला. आल्याचा वास सुटला. कप माझ्या हातात दिला.

"तुझा घसा बसलाय का?" त्यांनी विचारलं.

"आता बसेल. इतकी ओरडले."

"नाही, आधी. ब्रेक लावायच्या आधी. सर्दी झाल्यासारखा आवाज होता."

"वन्सं, खरंच मी तेव्हा तोंड उघडलं नव्हतं."

त्यांनी चहाचा घोट घेतला. "मग टायरचा आवाज बदलला असेल. बर्फावर बदलतो," त्या म्हणाल्या. आणि तो विषय तिथे संपला.

संध्याकाळच्या आत वारा पडला. झाडांपासून सगळं तळं दिसायला लागलं, पार पलीकडच्या काठापर्यंत. खोपट्यांची रांग, तिच्यामधून गेलेल्या आमच्या चाकांच्या खुणा, आणि त्या खुणा जिथे थांबल्या होत्या त्याच्या थोडंसंच पुढे एक लांब काळी भेग, तिच्यातून वाफ निघत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअपमधून एक माणूस आला, म्हणाला की मधे ऊन तापलं तेव्हापासून त्या बाजूचा बर्फ खराब झालाय, लोक कधीच निघून गेले, खोपट्या ओढून न्यायच्या राहिल्यात. आमच्या खुणा बघून त्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

घरी आल्यावर वन्संनी भावाला एवढंच सांगितलं, "एकदा रस्ता चुकलो." आणि पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा निघाल्या. आणि मीही गेले. नंतर दरवर्षी गेले. त्या चालवायच्या, मी शेजारी बसायचे, आणि तोंडावर ताबा ठेवायला शिकलेली मी, प्रवासात मात्र उगीच काहीबाही बोलत राहायचे. माझा खरा आवाज कुठला, याची त्यांना खात्री असावी म्हणून. त्यांनी ते ओळखलं असणार. कधी गप्प राहा म्हणाल्या नाहीत.

हॉस्पिटलमधलं ते बोलणं मी मीनलला सांगितलं. ती म्हणाली, स्ट्रोकनंतर मेंदू जुन्या आणि नव्या गोष्टी एकत्र करतो, डॉक्टरांनी तिला तसं सांगितलं होतं. अविनाशनेही ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुझा घसा आता बरा आहे ना?" मी तेच धरून चालते, की मेंदूने एकत्र केलं. दिवसा तरी चालते.

मीनल ओटावाला परत गेली. वन्संची बस विकेपर्यंत बॅटरी उतरू नये म्हणून अधूनमधून इंजिन सुरू कर, असं सांगून किल्ली मला देऊन गेली. मी दुपारी वन्संच्या घरी जाते. ड्रायव्हरच्या सीटवर बसून किल्ली फिरवते, इंजिन लागलं की उठते आणि शेजारी माझ्या जागेवर जाऊन बसते. वन्संनी कंबरदुखीसाठी त्यांच्या सीटवर विजेवर गरम होणारी गादी बसवून घेतली होती. तिचं बटण त्यांनी चालूच ठेवलेलं आहे, मी त्याला हात लावलेला नाही. काचेवरचा बर्फ वितळायला लागतो, मी काहीबाही बोलत बसते, आज मंडळात कोण भेटलं, भाजी काय आणली... आणि मधेच हात लांब करून त्या रिकाम्या सीटवर ठेवते. ती गरम असते, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी.