तंबूसाठी बोललेला नवस

बसा जरा ऐसपैस, कारण आज मी माझीच फजिती सांगणार आहे, आणि तीही मान वर करून! स्वतःच्या पायावर धोंडा सगळेच मारून घेतात हो. मी तो आधी शोधला, वजन करून पाहिला, आणि मग मारला. चोपन्न वर्षांची झाले, आता लाजायचं कोणाला?

तर मी, नसीम आणि वंदना, आम्ही तिघी अमरावतीच्या कॉलेजात एका बाकावरच्या. नसीम लग्न होऊन अकोल्याला गेली, जुन्या शहरात सासरचं बांगड्यांचं दुकान सांभाळते. वंदना मोर्शीला, संत्र्याच्या बागेत. मी इथंच, एका कॉलेजच्या ग्रंथालयात. शेवटच्या वर्षाला असताना आम्ही ठरवलं होतं की एकदा तिघींनीच मेळघाटात जायचं आणि तलावाकाठी तंबूत राहायचं. नवरे नाहीत, पोरं नाहीत, कोणाचा डबा भरायचा नाही.

या गोष्टीला किती वर्षं झाली असतील? तेहेतीस! कधी हिचं बाळंतपण, कधी तिच्या पोराची दहावी, कधी माझ्या सासूबाईंचा मोतीबिंदू. यंदा दिवाळी झाली आणि वंदनाचा फोन आला. "सुनंदा, या हिवाळ्यात नाही गेलो तं मी पुन्हा नाव काढणार नाही. गुडघे गेले माहे."

ते माझ्या जिव्हारी लागलं. मी सगळं नियोजन हातात घेतलं. चिखलदऱ्याच्या पुढे एका तलावाकाठी तंबू भाड्यानं मिळतात, त्यातला तीन खाटांचा तंबू नोंदवला, जीप ठरवली, स्वेटर, टॉर्च, मच्छर पळवायचं मलम, सगळी यादी केली. राहिली फक्त घरची परवानगी.

परवानगी! हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. सासूबाई काय म्हणतील, नवरा काय म्हणेल, मी काय उत्तर देईन, हे सगळं भांडण मी आठ दिवस स्वयंपाकघरात कुकरशी भांडून घेतलं. कुकर शिट्ट्या देत होता, मी जिंकत होते. आणि मग मला ती अफलातून कल्पना सुचली. आपल्या वऱ्हाडात कशाला कोणी नाही म्हणत नाही? नवसाला! 'नवसाचे रोडगे करायचे आहेत' म्हटलं की साहेबसुद्धा न मागता सुटी देतो. रोडगे म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, सोबत वांग्याची भाजी, आणि जेवायला अख्खा गोतावळा.

झालं! संध्याकाळी सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, हे पेपर वाचत होते. मी अगदी सहज म्हटलं, "आई, शनिवारी मले चिखलदऱ्याच्या पुढं जावं लागते. तिथल्या तलावावर आसरांचे रोडगे कराचे आहेत. नवस होता." आसरा म्हणजे पाण्याकाठच्या देवी. तलाव आला की त्या आल्याच, कोणी शंका घ्यायचं कारण नाही.

सासूबाईंचे हात थांबले. "कशाचा वं नवस?"

आता काय सांगू तुम्हाला! मच्छरांच्या मलमापर्यंत विचार केलेल्या बाईनं नवस कशाचा याचा विचारच केला नव्हता. माझी नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली. आमचा अनिकेत, पुण्यात नोकरी, वय एकतीस, दोन वर्षांपासून अख्खी अमरावती आणि अर्धं अकोला त्याच्यासाठी मुलगी शोधून दमलेलं.

"अनिकेतच्या लग्नाचा," मी म्हटलं. आणि नवऱ्याकडे बघून हळूच जोडलं, "या नवसाले पुरुष चालत नाहीत."

"बरं," ह्यांनी पान उलटलं. मी मनात म्हटलं, जिंकले!

कुठली जिंकते? तुम्हीच सांगा, नवस फेडतात कधी? मागणं पुरं झाल्यावर! सासूबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं, पदरानं डोळे पुसले. "ठरलं काय वं पोराचं? आन मले आत्ता सांगून राहिली?"

त्याच क्षणी 'नाही ठरलं' म्हणायला हवं होतं. दोन शब्द! पण लग्न गेलं की नवस जातो, नवस गेला की तंबू जातो, आणि वंदनाचे गुडघे तर आधीच गेलेले. म्हणून मी नुसती हसले. आता आईनं अशा वेळी हसणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको.

रात्रीच्या जेवणाआधी बातमी भिंतीपलीकडच्या राऊतकाकूंकडे गेली आणि फोनवरून अकोल्याला माझ्या नणंदेकडे, शोभाताईंकडे गेली. सकाळी दारावर भाजीवाली आली, तिनं मी न सांगता वांगी निवडायला घेतली.

"किती माणसाचे रोडगे?"

"तीन."

"तीन? पोराचं लग्न ठरलं आन तीन? असा कसा वं तुमचा नवस, बाई?"

मागोमाग राऊतकाकू. "सुनंदा, आमी सात जणी येऊन राहिलो बरं. गाडी सांगितली. गोवऱ्याची दोन पोती मी घेतो."

"काकू, तुम्हाले कायले तरास..."

"तरास कायचा? नवसाच्या रोडग्याले आवतन लागते काय? आन पुरुष चालत नाहीत, माहीत आहे मले. आमी बायाच तं आहो!"

घ्या! नवऱ्याला अडवायला मी जी भिंत बांधली, तिला बायकांसाठी मी स्वतःच दार ठेवलं होतं. तंबूत खाटा तीन आणि निघाल्या दहा जणी.

दुपारी पुण्याहून फोन. "आई, माझं लग्न ठरलं म्हणे?"

"कोण म्हणते?"

"शोभाआत्या. मुलगी उंच आहे की बुटकी, मलाच विचारून राहिली. आई, मले तरी सांग!"

"हे पाह अनिकेत, शनिवारपर्यंत ते ठरलेलं राहू दे."

"आन मग?"

"मग मोडू."

 पोरानं हळूच विचारलं, "आई, तुझी तब्येत बरी आहे ना?"

तो फोन ठेवते तोच नसीमचा. "क्यों गं सुनंदा, लड़के की शादी तय और मेरे कू दुकान में बैठ के मालूम पड़ा? तेरी ननद दुल्हन के लिए चूड़ियाँ ले के गई!" मी सगळं सांगितलं. ती इतकी हसली की तिच्या गिऱ्हाइकानं बांगड्यांचा भाव दोनदा विचारला. मग म्हणाली, "मैंने तो सीधा बोल दिया, जा रही हूँ. सास बोली, शॉल ले जा."

"तुहं सासर निराळं आहे," मी फणकाऱ्यानं म्हटलं आणि फोन ठेवला.

शुक्रवारी दुपारी माझ्या बैठकीत कोण नव्हतं? शनिवारी पहाटे निघायचं म्हणून नसीम आणि वंदना आलेल्या. राऊतकाकूंच्या सात जणी सोफ्यावर, सतरंजीवर. अकोल्याहून शोभाताई, मांडीवर साडीचा खोका. सासूबाई मधोमध, नवी इरकल नेसून. हे दाराशी उभे.

शोभाताईंनी खोका उघडला. आत डाळिंबी साडी, तिच्यावर नसीमच्याच दुकानातल्या बांगड्या. "आता पोरीचं नाव सांग, वहिनी. किती ताणशील?"

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. अहो, मी ग्रंथालयात काम करते, नावांची काय कमी? एखादं ठोकून दिलं असतं. पण सासूबाई माझ्याकडे अशा काही बघत होत्या की जीभच उचलेना. आणि खरं सांगू? मला राग आला. सगळ्यांचा, आणि सगळ्यात जास्त माझा. मी उठून उभी राहिले.

"कोणाचं लग्न ठरलं नाही! नवस नाही, रोडगे नाही, काही नाही! मले तलावाकाठी तंबूत राहाचं आहे. या दोघींसोबत. कायच्यासाठी? कायच्याचसाठी नाही! मजा म्हणून! आन मी जाणार म्हंजे जाणार. पाहू मले कोण अडवते!"

 शोभाताईंनी खोक्याचं झाकण लावलं. सासूबाईंनी इरकलीचा पदर नीट केला.

"मंग जा नं," त्या म्हणाल्या. "कोनं नाही म्हटलं?"

"तुम्ही म्हटलं असतं!"

"असतं? तू इचारलं कवा?"

मी नवऱ्याकडे वळले. कोणीतरी तर नाही म्हणा! ह्यांनी खिशात हात घातला. "मी तं तुह्या टॉर्चचे सेल आणून ठेवले. यादी तू फ्रिजवरच लावली होती."

पाहिलंत? तेहेतीस वर्षं मी ज्या किल्ल्यावर चाल करून जात होते, त्याचं दार उघडं होतं. तुम्ही म्हणाल, सुनंदा, चूक तुझीच. हो, माझीच! सासूबाईंना मी खोटी आशा लावली, त्याचं वाईटही वाटलं, त्यांचे पाय धरले. पण विचारलं नाही याची माफी मी मागणार नाही. हे मित्रांसोबत चार वेळा चिखलदऱ्याला गेले, कोणाला विचारलं? बूट घातले आणि निघाले. मला तेवढंच हवं होतं हो, बूट घालून निघणं.

शनिवारी निघालो, तिघीच. परतवाडा सुटलं, घाट लागला, पण माझ्या अंगातलं भांडण काही उतरेना. सगळी शस्त्रं परजलेली आणि समोर लढायला कोणी नाही! मग वाटलं, थांबा, तलावावरच्या फाटकाशी कोणीतरी विचारेलच, 'सोबत पुरुष माणूस नाही काय?' मी जीपमध्ये भाषण तयार केलं.

फाटकाशी एक म्हातारे चौकीदार. त्यांनी चिठ्ठी पाहिली, आम्हाला पाहिलं, आमच्या मागं जीपमध्ये डोकावून पाहिलं.

"तिघीच काय, बाई?"

हेच! याचीच तर मी वाट बघत होते! "तिघीच! कावून? बाईनं तंबूत राहू नये असं कुठी लिहिलं आहे? दाखवा मले कागद! नवरा सोबत असला म्हंजे वाघ विचारून येते काय? आमी तेहेतीस वर्षं..." वंदना माझी बाही ओढत होती, नसीमनं शॉलमध्ये तोंड लपवलं होतं, आणि मी काही थांबत नव्हते. बिचारे चौकीदार चिठ्ठी हातात घेऊन पूर्ण ऐकून घेत होते. शेवटी मला धाप लागली, तेव्हा त्यांना बोलायला जागा मिळाली.

"तसं नाही, बाई. चहा किती कप टाकू, म्हणून इचारून राहिलो होतो."

"तीन!" मी म्हटलं. आणि तेही ओरडूनच.