डुलालीचा पत्ता

काही ऑफिसांत फायली साठतात, आमच्या वाघोलीच्या ऑफिसात किस्से साठतात. काम तसं साधं. ब्रिटिश काळात इथे असलेल्या गोऱ्या सोल्जरांनी घरी पाठवलेली पत्रं वाचायची आणि टाइप करायची. क्लायंट इंग्लंडचा, पत्रांच्या पेट्याही तिकडूनच आलेल्या. त्यातल्या 'डुलाली' या एका शब्दानं आम्हाला महिनाभर छळलं!

*

पहिला बळी रोहन. टीममध्ये नवा, उत्साह दांडगा. तीन पत्रांत त्याला तेच सापडलं, अमका 'गॉन डुलाली', तमका 'गॉन डुलाली'. धावतच आला माझ्याकडे.

"सर, पोरगी एक आणि मागे तिघं!"

पठ्ठ्यानं नावांच्या रकान्यात 'मिस डुलाली' अशी नोंदसुद्धा केली होती.

*

मग ऑटोकरेक्टनं हात धुऊन घेतले. सगळीकडे डुलालीची दिवाळी! इंग्लंडच्या तपासनीस साहेबांची मेल आली, "भर मे महिन्यात दिवाळी?"

*

शेवटी पत्रं गेली शोभाताईंकडे. खडकीच्या एका कारखान्यातून टायपिस्ट म्हणून रिटायर झालेल्या, आता आमच्याकडे. त्यांनी शब्द दोनदा मोठ्यानं वाचला.

"अहो, ही देवळाली! नाशिकजवळची."

देवळालीच्या कॅम्पात सोल्जर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत पडून राहायचे. हाताला काम नाही, वर ऊन. काहींची डोकी फिरायची. म्हणून वेडा झाला की 'गॉन डुलाली'!

रोहननं विचारलं, "आणि पुढे 'टॅप' लिहिलंय, तो नळ का?"

"नळ नाही रे, ताप! डोक्याला होतो तो. सध्या मला झालाय."

*

पण साहेबांनी आमच्या सगळ्या नोंदी लाल करून टाकल्या. पुरावा काय? काम दुसरीकडे द्यायची भाषा सुरू झाली. शोभाताईंनी दोन दिवस पेट्या उपसल्या आणि व्हिडिओ कॉलवर एक पत्र कॅमेऱ्यासमोर धरलं. वर पत्ता, देवळाली. खाली सोल्जरच्याच हातची ओळ, 'आम्ही पोरं हिला डुलाली म्हणतो.'

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"यू आर राइट, मॅडम. काम तुमच्याकडेच राहील."

रोहननं चक्क शिट्टी मारली!

साहेबांना मात्र राहवेना. "मॅडम, आमचे एवढे तज्ज्ञ अडले, तुम्ही कसं ओळखलंत?"

शोभाताईंनी पदर सारखा केला. मान ताठ.

"सर, आय वॉज बॉर्न डुलाली!"