हँडलची टेप

सरांनी माझ्यासमोर सायकलच्या हँडलची टेप सोलायला लावली.

मी फरशीवर बसले होते. कोपरातून रक्त येत होतं. मेकॅनिक टेप ओढत होता. सर त्याला म्हणाले, "सगळी काढ. नवीन लाव. कुणाकुणाचे हात लागतात."

कुणाकुणाचे म्हणजे माझेच. महिनाभर ती सायकल दुसऱ्या कुणी चालवलीच नव्हती.

मी पारनेर तालुक्यातली. नगरला कॉलेजात शिकते. कॉलेजच्या शर्यतीत माझ्या जुन्या, जड सायकलवर दुसरी आले. तेव्हा हे सर भेटले. शहरातल्या सायकल क्लबचे अध्यक्ष. म्हणाले, जिल्ह्याच्या निवडीपर्यंत माझी रेसर सायकल वापर.

ती रेसर माझ्या ताब्यात येईना. जुनी सायकल वळवायला खांद्यातून जोर लावावा लागायचा. ही नुसती मान वळवली तरी तिकडं निघायची. मागून ट्रक आला की मी हँडल आवळायचे. जितकं आवळायचे, तितकी ती थरथरायची. कोपरं सैल सोडायची, नजर लांब ठेवायची, हे कुणी सांगितलं नाही. सुप्याच्या रस्त्यावर पडूनपडून कळलं. तरी एक राहिलंच. हळू वळताना माझ्या बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागायचं.

त्या रविवारी क्लबच्या आवारात सरांनी पहिल्यांदा विचारलं, "आडनाव काय गं तुझं? गावात घर कुठं?"

"बुद्धविहाराजवळ," मी म्हणाले.

सरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बाकीचेही माझ्याकडं बघायला लागले. मी घाबरून सायकल वळवली, बूट चाकात अडकला आणि आडवी झाले. सायकलचा रंग खरवडला. मग ती टेप. सायकलही ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी आबा आले. माझे वडील. एमआयडीसीतल्या कामावर खाडा करून. त्यांनी सरांपुढं हात जोडले.

"सायेब, पोरीचं चुकलं. निवड हुईपर्यंत तेवढी ऱ्हाऊ द्या तिच्याकडं."

मी शेजारी उभी. मला ती सायकल हवी होती. हे मी लपवणार नाही.

"ठीक आहे," सर म्हणाले. "पण ग्लोव्हज घातल्याशिवाय हँडलला हात लावायचा नाही."

मी घातले. बारा दिवस घातले. आत तळहात घामानं चिंब व्हायचे. त्याच दिवसांत सायकल हातात बसली. वळणं झरझर निघायला लागली. आनंद मात्र होईना. आपण हे का करतोय, असं रोज वाटायचं आणि रोज सकाळी मी ग्लोव्हज चढवायचे.

निवडीच्या आदल्या दिवशी क्लबनं फोटोचा कार्यक्रम ठेवला. मला सायकलसकट स्टेजवर उभं केलं. सर माइकवर म्हणाले, "अशा समाजातल्या मुलींनाही आम्ही जवळ करतो." टाळ्या पडल्या.

मी ग्लोव्हज काढले. उघडे हात हँडलवर ठेवले.

"सर, टेप का बदलली, ते पण सांगा."

टाळ्या थांबल्या. सरांनी माइक खाली घेतला. "उपकाराची जाणच नाही यांना," ते बाजूच्याला म्हणाले. मला ऐकू यावं इतक्या मोठ्यानं.

मी सायकल भिंतीला टेकवली आणि चालत निघाले. फाटकाबाहेर रडले. खूप रडले.

निवडीला जुनी सायकल घेऊन गेले. निवड झाली नाही.

मी सरांविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. मेकॅनिक म्हणतो, त्याला काही आठवत नाही. स्टेजसमोरच्यांपैकी कुणी फोन उचलत नाही. प्राचार्य म्हणतात, "कशाला वाढवतेस?" आबा ताटावरून उठतात. "मागं घे गं. आपन त्यांना पुरनार हाय का?"

बहुतेक नाही पुरणार. मला ते दिसतंय.

उद्या अकरा वाजता जबाबाला बोलावलंय. मी जाणार आहे. कोण काय बोललं, कुणासमोर बोललं, सगळं लिहून देणार आहे. सोबत कुणी आलं नाही तरी. तक्रार मागे घेणार नाही.