पोटावरून कापा

आर्णीच्या पुढं आमचं गाव. मी आणि माझी मोठी जाऊ दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायचो. कापसाला भाव नव्हता तेव्हाची गोष्ट. मजुरी किलोवर, म्हणून कुणी ओळ सोडून उठत नसे. शिवाय पानं झडलेल्या पऱ्हाटीच्या झाडांत लघवीला आडोसा राहत नाही आणि धुऱ्यावर, बांधावर, गडी बसलेले असतात. त्यामुळे आम्ही बाया घरून निघालो की संध्याकाळपर्यंत पाणीच पीत नव्हतो. तहान लागली तर चूळ भरून थुंकायचं.

मला लघवीला आग व्हायची. मधेच धार बंद पडायची. हे कुणाला सांगणार? एक दिवस जावेला माझ्या साडीवर रक्त दिसलं.

"पाळी तं गेली तुही. मंग हे काय व?"

तिनंच माझ्या घरच्यांना, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं आणि दोघं मला यवतमाळला घेऊन गेले. सोनोग्राफीत दिसलं की लघवीच्या पिशवीत मुतखडा आहे, लिंबाएवढा. डॉक्टर म्हणाले, एवढा मोठा खडा औषधानं पडत नाही. तसाच ठेवला तर किडन्या खराब होतील. पण चिरा द्यायची गरज नाही. लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालायची, खडा आतच फोडायचा आणि तुकडे पाण्यानं बाहेर काढायचे.

घरच्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. माझा मात्र नाही. त्या वाटेनं, आणि तेही पुरुष डॉक्टर. बाहेर आल्यावर मी जावेच्या कानात म्हटलं, "मले पोटावरून कापा म्हणा."

"लोकं कापाले भेतात, अन् हे बाई कापा म्हणून राह्यली!" तिनं हे एवढ्या मोठ्यानं म्हटलं की बाकड्यावरचे सगळे वळून पाहू लागले.

"नाहीतं घरी चला," मी म्हटलं. घरचे दवाखान्याबाहेर जाऊन उभे राहिले.

तिथली सिस्टर आमचं ऐकत होती. ती येऊन माझ्याजवळ बसली. "मावशी, कमरेखाली बधिर करतात. वरून हिरवी चादर असते. डॉक्टर टीव्हीत पाहतात, तुमच्याकडं नाही. मी तिथंच राहीन. लाज वाटली तर तोंड झाका."

तोंड झाकता येईल, हे ऐकून मी हो म्हटलं.

आत गेल्यावर सिस्टरनं खरंच एक फडकं दिलं. मी ते तोंडावर ओढून घेतलं. पाठीत सुई टोचली आणि पाय माझे राहिले नाहीत. मग खडखड आवाज सुरू झाला. बराच वेळ मी तशीच पडून होते. शेवटी राहवलं नाही म्हणून फडकं थोडं सरकवलं. टीव्हीत पिवळट, खरबरीत खडा दिसत होता, वरून फुटत चाललेला. त्याचे तुकडे सरकीसारखे पाण्यात फिरत होते. डॉक्टर खरंच टीव्हीकडंच पाहत होते. मग मीही पाहिलं, शेवटचा तुकडा निघेपर्यंत.

नंतर लघवीसाठी लावलेली नळी काढल्यावर घरी पाठवलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, दिवसभर पाणी प्या, नाहीतर खडा पुन्हा होईल.

पुढच्या वेचणीला जावेनं ओळीत पाण्याची बाटली आणून ठेवली. "पे," ती म्हणाली. मी प्याले. दुपारी व्हायचं तेच झालं. धुऱ्यावर गडी बसलेच होते. थोडा वेळ मी तशीच वेचत राहिले. मग कमरेची कापसाची ओटी सोडली आणि म्हटलं, "मले जा लागते."

जावेनं कापूस बांधायचं मोठं फडकं उचललं आणि माझ्यापुढं आडवं धरलं. "अवं बायाहो, आनखी कोनाले जा लागते तं या!" ती ओरडली.

आणखी दोघी आल्या. मग फडकं धरायची पाळी माझी होती.